घनतेची युनिट्स: आकडा दिसला की आधी पाणी आठवा

समजा तुमच्या हातात एक कागद आलाय आणि त्यावर नुसतं लिहिलंय, घनता ८.३४. बास, पुढे काही नाही. आता सांगा ही वस्तू काय असेल? ग्रॅम पर सीसी (म्हणजे घन सेंटीमीटर) धरलं तर पितळेच्या आसपासचा कुठलातरी धातू. पौंड पर गॅलन (अमेरिकन गॅलन हां) धरलं तर साधं पाणी. आणि किलो पर घनमीटर धरलं तर ती हवा आहे, साधारण सातपट दाबून टाकीत भरलेली. आकडा तोच आणि एकदा धातू, एकदा पाणी, एकदा हवा. म्हणून घनतेच्या बाबतीत युनिट ही नंतर जोडायची शेपटी नाहीये, अर्धी माहिती तिथेच असते.

व्याख्या सगळ्यांना माहितीय, वस्तुमान भागिले आकारमान, त्यावर वेळ घालवत नाही. फक्त एवढं बघा की युनिटचे दोन भाग असतात, वरचा वस्तुमानाचा (ग्रॅम, किलो, टन, पौंड) आणि खालचा आकारमानाचा (सीसी, लिटर, घनमीटर, घनफूट, गॅलन). वरचं कुठलंही आणि खालचं कुठलंही घेऊन जोडी लावली की एक युनिट तयार, त्यामुळे यादी संपतच नाही. पण रोजच्या कामात येणारी आठ-दहाच आहेत आणि तीसुद्धा पाठ करायची गरज नाही. मी कन्व्हर्जन फॅक्टर कधीच पाठ केले नाहीत. मी फक्त एवढं लक्षात ठेवतो की त्या युनिटमध्ये पाण्याचा आकडा किती येतो.

हे असं:

ग्रॅम/सीसी, ग्रॅम/एमएल, किलो/लिटर, टन/घनमीटर या चारही युनिट्समध्ये पाणी १.
किलो/घनमीटर, ग्रॅम/लिटर, मिलिग्रॅम/एमएल या तिन्हींमध्ये पाणी १०००.
पौंड/घनफूट मध्ये ६२.४.
पौंड/अमेरिकन गॅलन मध्ये ८.३४, पौंड/ब्रिटिश गॅलन मध्ये १०.
पौंड/घनइंच मध्ये ०.०३६१.
स्लग/घनफूट मध्ये १.९४ (स्लग हे पौंड-फूट पद्धतीतलं वस्तुमानाचं युनिट, हे तुम्हाला बहुतेक कधी लागणार नाही, जुन्या अमेरिकन एरोडायनॅमिक्सच्या पुस्तकात दिसतं).

आता कुठलाही आकडा आला की त्याच युनिटमधल्या पाण्याच्या आकड्याने भागा. जे उत्तर येईल ते म्हणजे ही वस्तू पाण्याच्या किती पट जड, आणि तोच आकडा ग्रॅम/सीसी मधली घनता पण असतो. मग पाहिजे त्या युनिटमध्ये न्यायचं असेल तर तिथल्या पाण्याच्या आकड्याने गुणा. झालं. उदाहरणार्थ कोणी सांगितलं ५५ पौंड/घनफूट, तर ५५ भागिले ६२.४ म्हणजे ०.८८, म्हणजे पाण्यावर तरंगणार, म्हणजे ८८० किलो/घनमीटर. कॅल्क्युलेटर जवळ नसला तरी जमतं, आणि मुख्य म्हणजे वाटेत वस्तू तरंगते का बुडते हे कळतं, त्यामुळे उत्तर चुकलं तर लगेच संशय येतो. नुसत्या १६.०१८ ने गुणून टाकलं तर असा संशय येत नाही.

पाणी नेमकं १ का येतं हा योगायोग नाहीये, ते तसं ठरवूनच केलंय. १७९५ मध्ये फ्रान्समध्ये ग्रॅमची व्याख्याच अशी केली की बर्फ वितळण्याच्या तापमानाला एक घन सेंटीमीटर पाण्याचं वस्तुमान म्हणजे एक ग्रॅम. नंतर १७९९ मध्ये तापमान बदलून ४ अंश सेल्सिअस घेतलं कारण तिथे पाणी सगळ्यात दाट असतं. मग पुढे किलोग्रॅम म्हणजे एक धातूचा ठोकळाच झाला आणि पाण्याशी नातं किंचित सुटलं, त्यामुळे आज नीट मोजलं तर ४ अंशाला पाणी १००० नाही तर ९९९.९७ किलो/घनमीटर भरतं. आणि एक गंमत, १९०१ ते १९६४ या काळात लिटर म्हणजे १००० सीसी नव्हतंच! तेव्हा लिटरची व्याख्या होती एक किलो पाण्याचं आकारमान, ते भरायचं १०००.०२८ सीसी. म्हणजे त्या काळातल्या पुस्तकात ग्रॅम/एमएल आणि ग्रॅम/सीसी हे दोन वेगळे आकडे असायचे, चौथ्या-पाचव्या दशांशात. १९६४ मध्ये ते रद्द झालं आणि आता एमएल आणि सीसी एकच. त्यामुळे कोणी तुमच्याशी या दोन्हींवरून वाद घालायला लागलं तर तो माणूस साठ वर्षांपूर्वी बरोबर होता.

मेट्रिकमध्ये खरंतर दोनच गट आहेत, वर पाहिले तसे, एकात पाणी १ आणि दुसऱ्यात पाणी १०००. गटाच्या आत आकडा बदलतच नाही, नुसतं नाव बदलतं. एका गटातून दुसऱ्यात जायचं तर १००० ने गुणा किंवा भागा. एवढं सोपं आहे आणि तरी सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण लोक मीटरचे सेंटीमीटर १०० म्हणून १०० नेच गुणतात, किंवा उलटीकडे भागतात. घनमीटर आहे तो, त्यात १०० गुणिले १०० गुणिले १०० म्हणजे दहा लाख सीसी मावतात. वर किलोचे ग्रॅम १०००, खाली दहा लाख, म्हणून १ किलो/घनमीटर म्हणजे ०.००१ ग्रॅम/सीसी.

मी स्वतः कॉलेजच्या जर्नलमध्ये लोखंडाची घनता ७.८७ ग्रॅम/सीसी काढली, ती बरोबर होती, आणि मग किलो/घनमीटरमध्ये न्यायला १००० ने भागून ०.००७८७ लिहून मोकळा झालो. हायड्रोजनची घनता ० अंशाला साधारण ०.०९ किलो/घनमीटर असते, म्हणजे माझं लोखंड हायड्रोजनपेक्षा अकरा पट हलकं. सरांनी शेजारी लाल पेनाने लिहिलं होतं, फुग्यात भरा. तेव्हापासून किलो/घनमीटरमध्ये काहीही लिहिलं की आधी बघतो, १००० च्या वर आहे का खाली, आणि वस्तू बुडणारी आहे का तरंगणारी.

काही आकडे डोक्यात असले की बरं पडतं, सगळे ग्रॅम/सीसी मध्ये सांगतो. बर्फ ०.९१७, ॲल्युमिनियम २.७, लोखंड ७.८७ (स्टीलला हिशोबात ७.८५ धरतात), तांबं ८.९६, चांदी १०.५, शिसं ११.३, पारा १३.६, सोनं १९.३. सगळ्यात दाट ऑस्मियम, २२.५९, आणि इरिडियम त्याच्या अगदी मागे २२.५६ वर. खालच्या टोकाला लिथियम, ०.५३, धातू असून तरंगतो (अर्थात पाण्यात टाकू नका, रिॲक्शन होते). म्हणजे साध्या घन पदार्थाची घनता २३ च्या वर येऊच शकत नाही. ग्रॅम/सीसी लिहिलंय आणि आकडा ४० आलाय? युनिट चुकलंय, दुसरं काही नाही.

वायूंसाठी ग्रॅम/सीसी वापरलं तर शून्यच शून्य लिहावे लागतात, म्हणून तिथे ग्रॅम/लिटर किंवा किलो/घनमीटर. २० अंशाला हवा १.२ किलो/घनमीटर. ऐकायला काहीच वाटत नाही पण ३ बाय ४ मीटरची आणि ३ मीटर उंचीची खोली घ्या, ३६ घनमीटर, त्यात साधारण ४३ किलो हवा असते. हे मी पहिल्यांदा गणित केलं तेव्हा दोनदा तपासलं होतं. वायूच्या आकड्याबरोबर तापमान आणि दाब दोन्ही लिहावे लागतात, हवाच ० अंशाला १.२९ असते आणि २० अंशाला १.२०. पुरवठादारांच्या कागदावर नॉर्मल घनमीटर असं लिहिलेलं असतं तेव्हा बहुतेक ० अंश धरलेलं असतं, आणि नुसतं स्टँडर्ड लिहिलं असेल तर १५ पण असू शकतं, २० पण, तर विचारून घ्या.

आता पौंड-फूटवाल्यांकडे. पौंड/घनफूट फोम, इन्सुलेशन, लाकूड, माती यात दिसतं. फोमची मजा अशी की बोलताना युनिट गायबच असतं, लोक म्हणतात ३२ डेन्सिटी, ४० डेन्सिटी. ते किलो/घनमीटर असतं. परदेशी कॅटलॉगमध्ये तोच फोम २ आणि २.५ असा दिसतो, कारण तो पौंड/घनफूटमध्ये आहे. २ भागिले ६२.४ म्हणजे ०.०३२, म्हणजे ३२ किलो/घनमीटर. तोच माल. ३२ मोठा आकडा म्हणून ३२ वाला चांगला असं समजू नका. (आणि डेन्सिटी म्हणजे कडकपणा पण नाही, ती वेगळी गोष्ट आहे, हलका फोमसुद्धा कडक करता येतो.)

गॅलनचा घोळ जास्त वाईट. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटर आणि ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटर, फरक २० टक्क्यांचा. ब्रिटिशांनी १८२४ मध्ये गॅलनची व्याख्याच १० पौंड पाण्याचं आकारमान अशी केली होती, म्हणून तिथे पाणी १०. तेलविहिरी खोदताना जो चिखल वापरतात त्याचं वजन पौंड पर गॅलनमध्ये सांगतात, अमेरिकन गॅलन. तिथे १० म्हणजे पाण्याच्या १.२ पट जड चिखल. ब्रिटिश गॅलनवाल्याला तोच १० साधं पाणी वाटेल. तेव्हा गॅलन दिसला की कुठला ते आधी शोधा, नाही सापडलं तर त्याच टेबलमध्ये पाण्याची ओळ आहे का बघा, तिथे ८.३ दिसलं की अमेरिकन.

युनिटच्या चुकीने काय होतं याचं सगळ्यात भारी उदाहरण विमानाचं आहे. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं बोइंग ७६७, फ्लाइट १४३. त्या दिवशी इंधनाचा गेज बंद होता म्हणून टाकीच्या मोजपट्टीवरून लिटर काढले, आधीचं इंधन निघालं साधारण ७,६८२ लिटर. प्रवासाला लागणार होतं २२,३०० किलो. आता लिटरचे किलो करायला घनता पाहिजे, ती हिशोबात घेतली १.७७. पण १.७७ हे पौंड/लिटर होतं! किलो/लिटरमध्ये ते असायला हवं होतं ०.८०३. ७,६८२ गुणिले १.७७ म्हणजे १३,५९७, हे किलो समजले, होते पौंड. मग उरलेले ८,७०३ किलो पाहिजेत म्हणून परत १.७७ ने भागून साधारण ४,९१७ लिटर भरले. खरं पाहिजे होतं साधारण २०,०८८ लिटर. विमान ४१,००० फुटांवर असताना इंधन संपलं, दोन्ही इंजिनं बंद. पायलटनी ते ग्लायडरसारखं तरंगवत मॅनिटोबातल्या गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं, आत ६९ माणसं होती, सगळी वाचली. आता पाण्याची युक्ती इथे लावून बघा. कोणी किलो/लिटर म्हणून १.७७ सांगितलं तर अर्थ काय होतो, विमानाचं इंधन पाण्याच्या पावणेदोनपट जड. कसं शक्य आहे, तेल तर पाण्यावर तरंगतं! एक सेकंद कोणी पाणी आठवलं असतं तर तिथेच थांबले असते. मला या गोष्टीत सगळ्यात खटकतं ते हे की गणित दोनदा केलं आणि दोन्ही वेळा गुणाकार-भागाकार अगदी बरोबर होता.

पुढे, सापेक्ष घनता, म्हणजे फील्डवर ज्याला लोक ग्रॅव्हिटी म्हणतात. याला युनिटच नाही, कारण पाण्याच्या घनतेने आधीच भागलेलं असतं. बॅटरीवाला हायड्रोमीटर (द्रवात तरंगून घनता दाखवणारी नळी) घालून म्हणतो ग्रॅव्हिटी १२६५ आहे, तो १.२६५ म्हणतोय, दशांश चिन्ह बोलत नाहीत एवढंच. शिसे-ॲसिडची बॅटरी पूर्ण चार्ज असताना १.२६५ ते १.२८ आणि १.१२ च्या आसपास आली की उतरली. बर्फाचा किती भाग बुडतो ते पण यातूनच, ०.९१७ म्हणजे गोड्या पाण्यात जवळजवळ ९२ टक्के खाली. समुद्राचं पाणी १.०२५, तिथे ०.९१७ भागिले १.०२५, म्हणजे साधारण ८९.५ टक्के खाली. जुन्या शास्त्रज्ञांना हीच पद्धत आवडायची, हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये अख्ख्या पृथ्वीची घनता मोजली आणि उत्तर दिलं पाण्याच्या ५.४८ पट. मजा म्हणजे त्याच्याच मोजमापांवरून ते ५.४४८ यायला हवं होतं, बेरजेत कुठेतरी घसरला बिचारा. आजचा आकडा ५.५१ आहे, म्हणजे खरंतर चूक करून जास्त जवळ गेला.

मग येतात ते डिग्रीवाले स्केल, आणि इथे नवशिके हमखास गोंधळतात कारण यातले काही उलटे चालतात. अँटवान बॉमे नावाच्या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने १७६८ मध्ये हायड्रोमीटरवर साध्या समान रेघा मारल्या, त्या बॉमे डिग्री. पाण्यापेक्षा जड द्रवासाठी सूत्र असं: १४५ भागिले (१४५ वजा बॉमे), उत्तर येतं सापेक्ष घनता. कॉस्टिक ५० बॉमे म्हणजे १४५ भागिले ९५, १.५३. आता योगायोग असा की कॉस्टिक सोड्याचं ५० टक्के द्रावण जवळपास ५० बॉमेच भरतं, त्यामुळे लोकांना वाटतं बॉमे म्हणजे टक्के. अजिबात नाही. सल्फ्युरिक ॲसिड ६६ बॉमे असतं तेव्हा ते ९३ टक्के असतं. ६६ टक्के समजून कोणी पातळ करायला गेलं तर अवघड आहे. पाण्यापेक्षा हलक्या द्रवासाठी बॉमेचं वेगळंच सूत्र आहे, १४० भागिले (१३० अधिक बॉमे), त्यात पाणी ० नाही तर १० येतं आणि द्रव जितका हलका तितके डिग्री जास्त.

एपीआय ग्रॅव्हिटी याच हलक्या बॉमेची पोर आहे. कच्च्या तेलासाठी वापरतात, सूत्र १४१.५ भागिले सापेक्ष घनता, वजा १३१.५. ०.८५ घनतेचं तेल घ्या, १४१.५ भागिले ०.८५ म्हणजे १६६.५, त्यातून १३१.५ गेले, ३५ एपीआय. पाणी १०, आणि १० च्या खाली म्हणजे पाण्यात बुडणारं तेल. ३१.१ च्या वर हलकं तेल, २२.३ च्या खाली जड. १४० च्या जागी हे विचित्र १४१.५ का? कारण अमेरिकेत बनलेले हायड्रोमीटर आधीपासून १४१.५ धरूनच रेघा मारलेले निघाले, चूक लक्षात आली तोवर ते सगळीकडे पसरले होते, मग अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने १९२१ मध्ये चुकीलाच नवीन स्केल म्हणून मान्यता देऊन टाकली. ट्वाडेल हा आणखी एक डिग्रीवाला स्केल राहिला, तो सोपा आहे, सापेक्ष घनतेतून १ वजा करा आणि २०० ने गुणा, १.१० म्हणजे २० ट्वाडेल.

तापमान. हा मुद्दा लोक सोडून देतात आणि मग तिसऱ्या अंकावरून भांडतात. पाणी ४ अंशाला ९९९.९७, २० ला ९९८.२, २५ ला ९९७.०, उकळताना ९५८. पेट्रोल तर अंशाअंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं, म्हणजे १५ अंशावरून ३५ वर गेलं की त्याच लिटरमध्ये २ टक्के पेट्रोल कमी. म्हणून इंधनाची घनता १५ अंशाला दुरुस्त करून सांगतात, आणि युरोपियन स्टँडर्डमध्ये पेट्रोल ७२० ते ७७५ किलो/घनमीटर असलं पाहिजे म्हणतात ते १५ अंशालाच. सापेक्ष घनतेत दोन तापमानं असतात, २०/४ असं लिहिलेलं दिसलं तर वस्तू २० अंशाला आणि तुलनेचं पाणी ४ अंशाला.

स्वतः मोजायचं असेल तर. द्रवाला सोपं आहे, मेजरिंग सिलिंडर किंवा मोठी सिरिंज रिकामी काट्यावर ठेवा, टेअर दाबा (म्हणजे काटा शून्यावर येतो), ५० एमएल भरा, ग्रॅम बघा, ५० ने भागा. हवेचे बुडबुडे काढा आणि द्रवाच्या वक्राचा खालचा काठ डोळ्याच्या पातळीवर आणून वाचा. ५० एमएलमध्ये अर्धा एमएल इकडे तिकडे झाला तर एक टक्का चूक आधीच झाली, मग उत्तर ०.८४७३ असं चार दशांशात लिहून काही उपयोग नाही, ०.८५ लिहा.

वेड्यावाकड्या घन वस्तूला माझी आवडती पद्धत सांगतो. आधी वस्तूचं कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून टेअर करा. वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल अशी हाताने धरा, तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काटा आता जितके ग्रॅम दाखवेल तितके सीसी त्या वस्तूचं आकारमान, कारण वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याएवढं वजन काट्यावर पडतं. समजा बोल्ट ७८.६ ग्रॅम आणि काट्याने १०.० दाखवले, ७.८६, लोखंड किंवा स्टील. वस्तूला चिकटलेले बुडबुडे बोटाने झटका, ते राहिले की घनता कमी येते. वस्तू तरंगणारी असेल तर बारीक तारेने दाबून धरा.

पावडर आणि खडीत मात्र दोन घनता असतात आणि कुठली विचारलीये ते बघायला लागतं. सिमेंटच्या कणाची सापेक्ष घनता ३.१५ च्या आसपास, पण सुटं सिमेंट डब्यात ओतलं की मधल्या हवेसकट १४४० किलो/घनमीटर धरतात. निम्म्याहून कमी. टाकी किती मोठी पाहिजे हे काढायला १४४०, काँक्रीटच्या मिक्समध्ये सिमेंट किती जागा खाईल ते काढायला ३१५०. डबा आपटला की आकडा अजून बदलतो, म्हणून सुटी का ठोकून बसवलेली तेही लिहितात.

साइटवरचे लोक घनता न बोलता वापरतात ते पण बघा. सळईचं वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे सगळ्यांना पाठ. १२ मिमीची सळई, १४४ भागिले १६२, ०.८९ किलो पर मीटर. हा १६२ आला कुठून तर स्टीलच्या ७८५० मधूनच, वर्तुळाच्या क्षेत्रफळातला ०.७८५४ गुणिले ७.८५ केलं की १ मिमी व्यासाच्या सळईचे मीटरला ६.१६५ ग्रॅम येतात, आणि १००० भागिले ६.१६५ म्हणजे १६२. म्हणून ॲल्युमिनियमच्या दांड्याला हे सूत्र लावू नका. आणि डिझाइनवाले काँक्रीटला २५ म्हणतात तेव्हा ते किलोन्यूटन/घनमीटर असतं, ती घनता नाही, एकक वजन आहे, त्यात ९.८१ गुणलेलं आहे. पाणी तिथे ९.८१.

रेझिन-हार्डनर मिसळणाऱ्यांसाठी एक. डब्यावर २:१ लिहिलंय, पण मापाने का वजनाने? समजा रेझिन १.१५ आणि हार्डनर ०.९७ ग्रॅम/सीसी. मापाने २:१ म्हणजे वजनाने २.३० ला ०.९७, म्हणजे १०० ला ४२. काट्यावर १०० ला ५० घातलं तर हार्डनर जवळपास पाचव्या हिश्श्याने जास्त पडला, आणि मग ते चिकटच राहतं आणि लोक कंपनीला शिव्या घालतात.

घनता म्हणत असले तरी घनता नसलेली पण काही मंडळी आहेत. कागदाचं-कापडाचं जीएसएम म्हणजे ग्रॅम पर चौरस मीटर, दोरा आणि सुताचं टेक्स म्हणजे १००० मीटरचे ग्रॅम, डेनियर म्हणजे ९००० मीटरचे ग्रॅम (म्हणून १ टेक्स म्हणजे ९ डेनियर). जीएसएमला मीटरमधल्या जाडीने भागलं की ग्रॅम पर घनमीटर येतं. ८० जीएसएमचा कागद ०.१ मिमी जाड असेल तर ८०० किलो/घनमीटर.

शेवटी कॅड आणि ॲनालिसिस सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी, कारण इथे दिवसच्या दिवस जातात. मॉडेल मिलिमीटरमध्ये आणि बल न्यूटनमध्ये ठेवलं तर वस्तुमानाचं सुसंगत युनिट किलो नाही, टन येतं, आणि स्टीलची घनता होते ७.८५ गुणिले १० चा उणे ९ वा घात, टन/घनमिलिमीटर. तिथे कोणी ७८५० टाकतं आणि मॉडेल स्वतःच्याच वजनाने कोसळतं. खात्री करायला १०० मिमीचा एक साधा क्यूब काढा, तो बरोबर एक लिटर असतो, त्याला स्टील लावा आणि मास विचारा. टनमध्ये ०.००७८५ आलं, म्हणजे ७.८५ किलो, तर पुढे जा. दुसरं काहीही आलं तर मटेरियलचं पान परत उघडा.